भीती वाटली तर वाटू दे

परभणी

चि. बाळास,


"मामा, दारू सुटली अन् धडधड सुरू झाली," असं परवा फोनवर म्हणालास. तुझी आई त्याला नाटक म्हणते. मी म्हणणार नाही. दारू वर्षानुवर्षं मेंदूला दाबून ठेवते, तसा मेंदूही उलट जोर लावत राहतो. बाटली गेली तरी तो जोर लगेच ओसरत नाही. म्हणून झोप उडते, छाती धडधडते. पहिले काही आठवडे पुष्कळांना हे होतं आणि हळूहळू उतरतं. मेडिकलवरून परस्पर झोपेच्या गोळ्या तेवढ्या आणू नकोस, त्यांचीही सवय लागते. डॉक्टरांना विचार.

धडधड शरीराची, पण तिला चढवतो आपण. सोयाबीनचा भाव पडला, ही घटना. "भाव यायलाच पाहिजे होता, आता मला हे सहनच होणार नाही," ही तुझी भर. गुत्त्याची वाट तिथून फुटते. अमेरिकेत अल्बर्ट एलिस यांनी १९५५ साली नेमक्या याच भरीवर उपचारपद्धती उभी केली. आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी ती विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून मराठीत आणली. त्यांची पुस्तकं माझ्या कपाटात आहेत, घेऊन जा.

काळजी करूच नकोस, असं एलिस सांगत नाहीत, म्हणून मला ते पटतात. कर्जाचा हप्ता थकला तर काळजी वाटणारच. ती माणसाला सोसायटीत चौकशीला पाठवते. "सगळं संपलं" हा विचार त्याला घरात कोंडतो. आणि "सकारात्मक विचार कर" म्हणणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नकोस. वेचणीला आलेला कापूस भिजला असताना सगळं छान आहे म्हणणं, तेही खोटंच की!

तल्लफ आली की वहीत लिही: काय घडलं, मी मनात काय म्हणालो, त्याला पुरावा काय. लिहून होईपर्यंत बहुतेक वेळा तिचा जोर उतरतो.

सगळ्यात लबाड विचार दोन. "पोळ्याला एक घेतली तर काय बिघडतं?" हा पहिला. तो जिंकला की लगेच दुसरा येतो: "मोडलंच ना, मग आता बाटली संपवू." पहिल्याला नाही म्हण. पण घसरलासच, तर दुसऱ्याचं मुळीच ऐकू नकोस. त्याच रात्री मला फोन कर. पुन्हा रोजची सुरू झाली, तर मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नकोस. फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. दवाखान्यातच जायचं.

डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली काढलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात तू गटात मोकळं बोलत होतास. सेलूला आल्यापासून गप्प आहेस. माझ्याशी बोलायला अवघड वाटलं तर टेली-मानस या हेल्पलाइनचा १४४१६ लाव. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

रविवारी मी येतोय. वही मला दाखवायची गरज नाही, पण सोसायटीचे कागद काढून ठेव. हप्त्याचं बसून बघू.

तुझा
मामा