क्योतोत साकुरा, बसमध्ये आम्ही

मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला क्योतोला निघालेल्यांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. तिथे दिसणारी साकुराची बहुतेक झाडं सोमेइ योशिनो या एकाच जातीची आहेत आणि ती कलमांनीच वाढवलेली. त्यामुळे गावभरची झाडं एकदम फुलतात आणि आठवड्याभरात एकदम झडू लागतात. बघणाऱ्यांनाही मग त्याच आठवड्यात यावं लागतं. जपानी शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, म्हणजे तिथल्या मुलांची सुट्टीही नेमकी याच दिवसांत. गर्दी होणारच. ती टाळता येत नाही, पण तिच्या वेळा चुकवता येतात.

आमच्या हातात एजंटाने आखून दिलेला कार्यक्रम होता. भरपेट नाश्ता, मग दहाच्या सुमारास सिटी बसने कियोमिझु मंदिर. त्याने घ्यायला सांगितलेला फक्त बसचा दिवसभराचा पास केव्हाच बंद झाला होता. गर्दी आवरायलाच पालिकेने तो बंद केला. आता बस आणि मेट्रो मिळून पास मिळतो. स्टेशनबाहेर २०६ नंबरच्या बसला ही रांग! बस आली, भरली, गेली, पुढचीही तशीच. दादरला लोकलमध्ये घुसायचं आपलं कसब इथे बिनकामाचं, कारण कोणी ढकलतही नाही आणि मधे शिरतही नाही. शेवटी चढलो. तिथे मागच्या दाराने चढायचं आणि पुढच्या दाराशी पैसे देऊन उतरायचं. खच्चून भरलेल्या बसमध्ये सासूबाईंना घेऊन पुढच्या दारापर्यंत पोचेतो आमचा थांबा मागे गेला. मग चढाच्या गल्लीत भाड्याचे किमोनो, सेल्फी-काठ्या आणि आईस्क्रीमचे कोन यांच्यामधून वाट काढत वर. मंदिराच्या लाकडी सज्जात कठड्यापर्यंत जायलाही थांबावं लागलं. सासूबाई म्हणाल्या, “अगं, देव बाजूलाच राहिला, माणसंच बघितली.”

दुसऱ्या दिवशी एजंटाचा कागद बाजूला ठेवला आणि त्यांना पहाटेच टॅक्सीने परत तिथेच नेलं. कियोमिझुचं दार सकाळी सहाला उघडतं, हे त्या कागदावर कुठेच नव्हतं. सज्जा जवळजवळ मोकळा होता. खालची दुकानं बंद असतात, त्यामुळे चहाची आशा ठेवू नका. रस्त्यावरच्या मशीनमध्ये लाल पट्टीखालच्या बाटल्या गरम असतात, त्यातली एक घ्यायची. एप्रिलची पहाट तिथे चांगलीच गार असते, शाल हवीच. टॅक्सी महाग म्हणून आपण बिचकतो, पण चौघं असाल आणि बरोबर कोणाचे गुडघे दुखत असतील, तर तो खर्च करावा असं माझं स्पष्ट मत आहे.

बाकी ठिकाणांसाठी बस शक्यतो विसरा. फुशिमी इनारी हे देवस्थान जेआर रेल्वेच्या नारा लाइनवर आहे, क्योतोहून साध्या गाडीने दुसरं स्टेशन. तिथे तिकीट नाही, दारही बंद होत नाही. त्यामुळे उजाडता जा किंवा रात्री जेवून जा. दुपारी गेलात, तर लाल कमानींखालची गर्दी पायथ्याशीच अडलेली असते. फोटो काढून बहुतेक लोक मागे फिरतात; अर्धा-पाऊण तास चढलात, तर वाट मोकळी होते. अराशियामाला जेआरनेच जायचं. नान्झेनजी मंदिर आणि तत्त्वज्ञाच्या वाटेसाठी मेट्रोने केआगे स्टेशन. निशिदा कितारो हे तत्त्वज्ञ ज्या कालव्याकाठी फिरत, तीच ही वाट. तिला फाटक नाही, म्हणून साकुरा बघायला नाश्त्याआधीची वेळ उत्तम. दहा ते चार या वेळात मोठ्या मंदिरांच्या वाटेला न जाता जेवावं, झोपावं, नदीकाठी बसावं. शाकाहारी मंडळींनी दुपारच्या गर्दीत हॉटेल शोधत फिरू नये; बहुतेक रश्श्यांत माशाचा अर्क असतो आणि घाईच्या वेळी कोणाला विचारायची सोय नसते. दशम्या आणि चटणी पिशवीत असू द्या. कचरा टाकायला डबे सहसा सापडत नाहीत, तेव्हा एक रिकामी पिशवीही.

बॅगा घेऊन सिटी बसमध्ये चढणं हा आपल्यासाठी त्रास आणि इतरांवर अन्याय. हॉटेलच्या काउंटरवर सांगितलं, की कुरिअरने पुढच्या गावी बॅगा जातात, साधारण दुसऱ्या दिवशी पोचतात.

गेइशांच्या गिओन वस्तीत जरा जपून. तिथल्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना २०२४ पासून मनाई आहे, पाट्यांवर दहा हजार येन दंड लिहिलेला असतो. गेइशांच्या मागे कॅमेरे घेऊन धावणाऱ्यांमुळे हे झालं, आणि बरंच झालं.

आपल्याकडे मात्र शाळांच्या परीक्षा आटपेपर्यंत सोमेइ योशिनो झडलेला असतो. एप्रिलच्या मध्यापर्यंत निघू शकलात, तर निन्नाजी मंदिरातली ओमुरो साकुराची बुटकी झाडं उशिरा फुलतात, ती कदाचित मिळतील. महाराष्ट्र दिनाची सुट्टी जोडून निघणाऱ्यांनी मात्र कॅलेंडर नीट बघावं. २९ एप्रिलपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानचा ‘गोल्डन वीक’ असतो आणि अख्खा देश फिरायला निघालेला असतो. तिकिटं काढून झालीच असतील, तर आधी दुसरीकडे फिरा आणि क्योतो ७ मेनंतर ठेवा.