रुग्णकक्षाचे दार : सशस्त्र हल्ल्याच्या प्रसंगी कर्मचाऱ्यांची पूर्वतयारी

मुंबईचे कामा आणि आल्ब्लेस रुग्णालय १८८६ पासून स्त्रिया व बालके यांच्या सेवेत आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनस स्थानकात गोळीबार करून निघालेले दोन दहशतवादी मागील बाजूने या रुग्णालयाच्या आवारात शिरले. प्रसूतिपूर्व कक्षात त्या वेळी परिचारिका अंजली कुलथे यांच्या स्वाधीन वीस गर्भवती स्त्रिया होत्या. आवारातील पहारेकऱ्यांवर गोळ्या झाडल्या जात असल्याचे त्यांनी खिडकीतून पाहिले. कक्षातील एक सेविका गोळी लागून जखमी झाली. कुलथे यांनी कक्षाची दारे लावून घेतली, दिवे मालविले आणि वीसही स्त्रियांना कक्षाच्या टोकाशी असलेल्या लहानशा पँट्रीत नेऊन बसविले. त्याच रात्री त्यांच्यापैकी एकीला प्रसूतिवेदना सुरू झाल्या. तिला आधार देत, भिंतीच्या कडेकडेने, जिन्यावरून प्रसूतिकक्षापर्यंत नेण्यात आले. रुग्णालयाचे दोन पहारेकरी त्या रात्री प्राणास मुकले; कक्षातील वीसही स्त्रिया मात्र सुखरूप राहिल्या. पुढे कुलथे यांनी पकडल्या गेलेल्या हल्लेखोरास ओळखले, न्यायालयात साक्ष दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही आपला अनुभव कथन केला.

या प्रसंगाचे स्मरण शौर्यगाथा म्हणून वारंवार केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु प्रशिक्षणाच्या दृष्टीने पाहू गेल्यास त्यातील तीन कृती वेगळ्या काढून अभ्यासण्याजोग्या आहेत. दार लागले, अंधार झाला आणि रुग्ण खिडक्यांपासून दूर, आतल्या खोलीत गेले. या तिन्ही कृतींना शस्त्र लागत नाही. लागते ते दार लागण्याच्या स्थितीत असणे आणि आतली खोली कोणती हे आधीपासून ठाऊक असणे.

असे हल्ले फार थोड्या वेळात आटोपतात. अमेरिकेच्या केंद्रीय अन्वेषण विभागाने २००० ते २०१३ या काळातील अशा १६० घटनांचा अभ्यास केला. ज्या ६३ घटनांचा कालावधी निश्चित करता आला, त्यांपैकी ४४ घटना पाच मिनिटांत वा त्याहून आधी संपल्या होत्या. याचा अर्थ असा की पोलीस पोहोचेपर्यंतचा बहुतेक काळ कर्मचाऱ्यांना स्वतःच्या बळावर निभावून न्यावा लागतो. दूरध्वनीवर ११२ क्रमांक फिरविणे अत्यावश्यक खरे, पण तेवढ्याने कर्तव्य संपत नाही.

ह्यूस्टन शहराच्या प्रशासनाने २०१२ मध्ये एक बोधपट काढला. 'पळा, लपा, नाइलाज झाल्यास प्रतिकार करा' हा त्यातील क्रम पुढे सर्वत्र रूढ झाला. कचेरी वा दुकान यांच्यासाठी तो उत्तम आहे. पण नुकतीच शस्त्रक्रिया झालेला रुग्ण, श्वसनयंत्रावरील रुग्ण, काचपेटीतील नवजात बालक अथवा शुश्रूषागृहातील अंथरुणाला खिळलेली वृद्धा यांनी पळावे कसे? ही अडचण ओळखून काही अमेरिकन शल्यचिकित्सकांनी २०१८ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकातून रुग्णालयांसाठी निराळा क्रम सुचविला : जागा बंदिस्त करा, रुग्णाचा जीव राखा आणि अखेरीस प्रतिकार करा. जिथे हलणे शक्य आहे, त्या बाह्यरुग्ण विभागात किंवा उपाहारगृहात पूर्वीचाच नियम लागू राहतो. फरक आहे तो अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह आणि अंतर्गत रुग्णकक्ष यांच्यापुरता.

शुश्रूषागृहाचे उदाहरण अधिक हृदयद्रावक आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात कार्थेज नावाचे एक लहान गाव आहे. २९ मार्च २००९ रोजी, रविवारी सकाळी, तेथील वृद्धांच्या शुश्रूषागृहात एका बंदूकधाऱ्याने सात वृद्ध निवासी आणि एक परिचारक अशा आठ जणांचा बळी घेतला. निवाशांपैकी काही चाकांच्या खुर्चीत होते. एकट्या आलेल्या पोलीस अधिकाऱ्याने हल्लेखोरास जखमी करून हा प्रकार थांबविला. हल्लेखोराची विभक्त झालेली पत्नी तेथे कामास होती. त्या दिवशी तिची नेमणूक स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या विभागात होती. तेथील वृद्धांनी भरकटून बाहेर जाऊ नये म्हणून त्या विभागाची दारे सांकेतिक अंकांनी बंद होत असत. ती त्या दारांआड स्नानगृहात लपली आणि वाचली. वृद्धांच्या काळजीपोटी बसविलेले दार संकटसमयीही उपयोगी पडले.

तेव्हा प्रत्येक कक्षप्रमुखाने एकदा आपल्या कक्षाची दारे स्वतः लावून पाहावीत. पावसाळ्यात फुगलेले दार चौकटीत बसत नाही, कडी असते पण कोयंडा तुटलेला असतो, खिट्टीवर रंगाचे थर चढलेले असतात, हा आपल्या जुन्या इमारतींतील नित्याचा अनुभव आहे. आतून दार लावणे शक्य नसेल तर कपाट किंवा चाके अडविलेली खाट आडवी लावता येईल काय, हे शांततेच्या काळात ठरवावे. किल्ल्या कोणाकडे असतात, हेही पाहावे. आपल्याकडे ज्यांना मावशी आणि मामा म्हणून हाक मारली जाते, त्यांनाच बहुधा प्रत्येक कुलपाची माहिती असते. आणि प्रशिक्षणाच्या यादीतून नेमकी तीच मंडळी वगळली जातात.

येथे एक विरोध लक्षात घेतला पाहिजे. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी लागलेल्या आगीत दहा नवजात बालके दगावली. आगीत दार झटकन उघडावे लागते, हल्ल्यात ते घट्ट लागावे लागते. म्हणून बाहेरून कुलूप किंवा साखळी ही उपाययोजना सर्वथा त्याज्य होय. आतून सहज लागणारी व आतूनच सहज निघणारी कडी हवी, आणि ती बसविण्यापूर्वी अग्निशमन अधिकाऱ्यांचा सल्ला घ्यावा.

सूचना देण्याच्या भाषेचाही विचार व्हावा. पाश्चात्त्य रुग्णालयांत रंगांच्या नावांचे संकेत वापरण्याची प्रथा आहे. शस्त्रधारी शिरल्यास 'रुपेरी संकेत' पुकारला जातो. परंतु अभ्यागतांना, नातलगांना आणि कालच कामावर रुजू झालेल्या मदतनिसाला तो संकेत कसा उमगणार? २६ नोव्हेंबरच्या त्याच रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनस स्थानकावर उद्घोषक विष्णू झेंडे यांनी ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना साध्या शब्दांत बाहेर पडण्यास वारंवार सांगितले आणि त्यामुळे कितीतरी जीव वाचले. 'तळमजल्यावर बंदूकधारी मनुष्य आहे, दारे लावून घ्या' हे वाक्य मराठीत आणि हिंदीत लिहून दूरध्वनीयंत्राशेजारी चिकटवून ठेवणे कोणत्याही संकेतापेक्षा हितकर ठरेल.

पहारेकऱ्याच्या हाती बंदूक दिली की प्रश्न सुटला, असा एक समज आहे. अमेरिकेतील २००० ते २०११ या काळातील रुग्णालयांशी संबंधित १५४ गोळीबारांची जॉन्स हॉपकिन्स येथील वैद्यकतज्ज्ञांनी छाननी केली. आपत्कालीन विभागांत घडलेल्या घटनांपैकी २३ टक्क्यांत वापरलेले शस्त्र सुरक्षारक्षकाकडूनच हिसकावलेले होते. बहुतेक हल्लेखोरांच्या मनात विशिष्ट व्यक्ती होती, हेही त्या छाननीत आढळले. म्हणजे पूर्वसूचना पुष्कळदा मिळू शकते. धमकी देऊन गेलेल्या नातलगाची नोंद पुढच्या पाळीला कळविली पाहिजे. घरी पतीकडून जिवाची भीती असलेल्या परिचारिकेला ती गोष्ट अधिसेविकेच्या कानावर निःसंकोचपणे घालता आली पाहिजे. कार्थेजची हकीकत वाचल्यावर तो तिचा खाजगी प्रश्न आहे असे कोण म्हणेल?

आपल्या राज्यात बंदुकीपेक्षा संतप्त जमावाचा उपद्रव अधिक. त्यासाठी २०१० चा अधिनियम आहे. तथापि जमाव चालून आला असता करावयाची पहिली कामे हीच आहेत : दार, आतली खोली, वर्दी.

सर्वांत अवघड प्रश्न कर्तव्याचा आहे. रुग्णाला सोडून जावे काय? अमेरिकेच्या शासनाने २०१४ मध्ये आरोग्यसंस्थांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेनेही हा प्रश्न टाळलेला नाही. शुश्रूषा चालू ठेवण्याचा शक्य तितका यत्न करावा. पण ते अशक्य झाल्यास इतरांचे जीव धोक्यात न घालता निर्णय घ्यावा लागेल, असा तिचा आशय आहे. आम्हांस असे वाटते की, जी परिचारिका जिवंत राहील तीच दार उघडल्यानंतर रक्तस्राव थांबवू शकेल. म्हणून तिने आडोसा घेतला तर त्याला पळपुटेपणा म्हणू नये, आणि जी थांबली तिच्याकडून तशी अपेक्षा होतीच असेही कोणी मानू नये. हे बोलणे अधिकाऱ्यांनी आधीच, मोकळेपणाने आणि सर्व श्रेणींच्या कर्मचाऱ्यांसमक्ष करावे.

पोलीस आत येतील तेव्हा त्यांचे पहिले काम हल्लेखोरास रोखणे हे असते. जखमींपाशी ते थांबणार नाहीत. त्यांच्यासमोर हात रिकामे आणि वर ठेवावेत, धावत अंगावर जाऊ नये. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. हातापायातून रक्त उसळत असेल तर जखमेच्या वर पट्टा आवळून बांधावा आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवावी.

तालीम वर्षातून दोनदा घ्यावी, आणि त्यांपैकी एक रात्रपाळीत. नकली बंदुका, फटाके, रंगाचे रक्त यांची काहीही गरज नाही. रुग्ण घाबरतात आणि कर्मचाऱ्यांच्या लक्षात केवळ गोंधळ राहतो. रात्रपाळीच्या सिस्टरने रात्री अकरा वाजता दार लावावे, दिवे मालवावेत, चालू शकणाऱ्या रुग्णांना आतल्या खोलीत न्यावे, उरलेल्यांच्या खाटा खिडकी आणि दार यांच्या रेषेतून बाजूस ओढाव्यात, आणि या सर्वांस किती मिनिटे लागली ते घड्याळ पाहून कक्षाच्या नोंदवहीत लिहावे. पुढच्या तालमीला तोच आकडा समोर ठेवता येईल.