बोलत नाही ती, सेल्समध्ये कशी टिकेल?

तळेगावकडून वराळ्याच्या रस्त्याने इंद्रायणी ओलांडली की आंबी. कॉलेजांच्या इमारती, एमआयडीसीकडे निघालेले कंटेनर आणि त्यांच्या मधे उरलीसुरली भातखाचरं. इथल्या पालकांशी बोलताना एक प्रश्न हमखास निघतो. परवा एका वडिलांनी तो जसा विचारला तसाच सांगतो : “इंजिनिअरिंगला एवढा पैसा घातला, आणि पोरगी म्हणते सेल्सची ऑफर घेते. बॅग घेऊन दारोदार फिरायला शिकवलं का तिला? आणि दुसरं म्हणजे, ती फारशी बोलतच नाही हो.”

पहिल्या काळजीकडे नंतर येतो. मला दुसरी जास्त महत्त्वाची वाटते, कारण तिच्यामागे एक जुना गैरसमज आहे : जो बोलघेवडा तोच माल विकतो. सध्या सेल्सच्या प्रशिक्षणात ‘स्टोरीटेलिंग’ हा शब्द फार चालतो, त्यामुळे हा समज आणखी पक्का झाला आहे. गोष्ट सांगायची म्हणजे तोंड चालवायचं, असं मुलांनाही वाटतं.

इथलाच तांदूळ घ्या. हमरस्त्याच्या कडेला पोती मांडलेली असतात. एक विक्रेता म्हणतो, “एक नंबर माल, ताई, ओरिजनल इंद्रायणी.” शेजारचाही तेच म्हणतो. तिसरा आधी विचारतो, “घरी भात मोकळा लागतो की मऊ?” मऊ म्हटल्यावर तो सांगतो : हे वाण आपल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रातलं, 1987 साली आलं. आंबेमोहराला वास होता पण उतारा कमी, म्हणून त्याचा आयआर-8शी संकर केला. शिजला की चिकटतो, तेव्हा पाणी बेताने घाला. आमटी-भाताला, लहान मुलांच्या गुरगुट्या भाताला उत्तम. “पण बिर्याणीसाठी नेत असाल तर नका नेऊ, गोळा होईल.”

पाच किलो तिथे विकले जातात ते शेवटच्या वाक्यामुळे. स्वतःच्या मालाची मर्यादा सांगणाऱ्या माणसाच्या बाकीच्या बोलण्यावर गिऱ्हाईक विश्वास ठेवतं. आणि या माणसाने केलं काय? एक प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि आपल्या मालाबद्दल जे ठाऊक होतं त्यातलं तेवढंच काढून दिलं.

याहून मोठं उदाहरण नदीच्या अलीकडे, तळेगावातच आहे. पैसा फंडाचा काच कारखाना अनेकांना नावाने माहीत असतो, पण तो उभा कसा राहिला हे मुलांना क्वचित ठाऊक असतं. या फंडासाठी अंताजी दामोदर काळे लोकांकडे मागत काय होते? दरमाणशी एक पैसा. तेव्हा रुपयाचे चौसष्ट पैसे होत. काच विकायची तर काच नव्हती, भट्टी नव्हती, कारखानाही नव्हता. होती ती फक्त एक गोष्ट : आपल्या घरातला कंदील, बाटली, काचेचं भांडं परदेशातून येतं, आणि तुझ्या-माझ्या एकेका पैशातून ते इथे होऊ शकतं. लोकमान्य टिळकांनी या कल्पनेला पाठबळ दिलं. जपान आणि अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाताखाली 1908 साली तळेगावात कारखाना सुरू झाला. मालाइतकंच काचेचं शिक्षण देणं हाही त्याचा हेतू होता.

काळ्यांच्या मागणीत ऐकणाऱ्याला जागा होती. हजार रुपये मागितले असते तर ती श्रीमंतांची गोष्ट झाली असती; एक पैसा म्हटल्यावर मोलकरीणही त्यातलं पात्र झाली. कुणी म्हणेल, ती स्वदेशीची लाट होती, त्यात विक्रीचं काय कौतुक? लाट होतीच. पण दारात आलेल्या माणसाच्या हातावर पैसा ठेवायचा की नाही, हे प्रत्येक घराने आपापलं ठरवलंच ना?

लाट नसताना काय होतं, ते लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भोगलं. 1903च्या सुमारास त्यांनी लोखंडी नांगर केला, पण लोखंडाने जमिनीत विष भिनतं अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली. भीतीसुद्धा एक गोष्टच असते, आणि वजन-किमतीच्या तक्त्याने ती हटत नाही. ती आधी पुरती ऐकावी लागते. पुढे 1920 साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढली. कारखान्याच्या मालाची माहिती देणारं हे पत्र वाढत वाढत मराठी घरांतलं मासिक झालं.

आता बॅग घेऊन फिरण्याची काळजी. सेल्स म्हणजे एकाच प्रकारची नोकरी नव्हे. तळेगाव-चाकण पट्ट्यात मशीन, पंप, ऑटोमेशन विकणाऱ्या कंपन्यांना इंजिनिअरच लागतात. तिथे एकेक सौदा महिनोन्‌महिने चालतो. सेल्स इंजिनिअर शॉप फ्लोअरवर ऑपरेटरशेजारी उभा राहतो आणि दुसऱ्या पाळीत मशीन का अडकतं ते बघतो. मग मॅनेजरपुढे तो ब्रोशर वाचत बसत नाही. “मंगळवारी रात्री तुमची लाइन थांबली होती” इथून सुरुवात करतो. हे काम शिकलेलं वाया घालवणं नव्हे. उलट जो विषय कच्चा ठेवून इथे येतो त्याची दुसऱ्याच भेटीत फजिती होते.

पण सगळ्या ऑफर अशा नसतात. पालकांनी पगाराच्या आकड्याआधी काही गोष्टी विचाराव्यात : फिक्स किती, इन्सेन्टिव्ह किती? पेट्रोल कोण देणार? प्रशिक्षण किती दिवस, आणि टार्गेट कितव्या महिन्यापासून? नोकरी देण्यासाठी उलट तुमच्याकडूनच डिपॉझिट मागत असतील तर उठून या. शिकवलेलं बोलणं काय आहे, तेही मुलांकडून ऐका. “एफडीसारखंच आहे, काका” असं सांगून विमा खपवायला शिकवत असतील, तर ती गोष्ट नव्हे, थाप आहे. नव्या पॉलिसीधारकाला कागद वाचून तीस दिवसांत पॉलिसी परत करण्याची मुभा आहे. असे नियम उगाच होत नाहीत. एकवीस-बावीसच्या वयात असल्या थापांची सवय लागली की पुढे मोडत नाही, म्हणून मी अशा ठिकाणी सहा महिने काढण्यापेक्षा घरी बसा म्हणतो. काही पालकांना माझं हे आवडत नाही.

मुलाचा कल अजमावायचा तर सोपा उपाय आहे. ओळखीच्या शेतकऱ्याच्या तांदळाच्या किंवा फुलांच्या स्टॉलवर दोन रविवार बसवा. किती विकलं ते विचारू नका. न घेता निघून गेलेल्या गिऱ्हाइकांनी काय म्हटलं, ते रात्री वहीत लिहायला सांगा. वही कोरी राहिली तर विचार करा. पानं भरली, तर मुलाचा आवाज बारीक आहे की तो लाजतो, याने फारसा फरक पडत नाही.

त्या वडिलांना मी विचारलं, “घरी पाहुणे आले की ती काय करते?”

“गप्प बसते. पण पाहुणे गेले की कोण काय म्हणालं, कुणाचा चेहरा कधी पडला, सगळं तिच्या ध्यानात असतं. तिची आई वैतागते.”

“ऑफर लेटर घेऊन या,” मी म्हटलं. “फिक्स किती आहे ते बघू.”