जंगलाची मोजणी अवकाशातून : ब्राझीलच्या राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्थेचे कार्य

कोणतेही धोरण आखावयाचे झाल्यास प्रथम हाती विश्वसनीय आकडे असावे लागतात. गावच्या पीकपाहणीत चूक झाली तर पैसेवारी चुकते, आणि पैसेवारी चुकली तर खरा गरजू शेतकरी मदतीपासून वंचित राहतो, हा अनुभव ग्रामीण भागात काम करणाऱ्या प्रत्येकास आहे. हीच गोष्ट एखाद्या देशाच्या वनसंपत्तीसही लागू पडते. ज्या जंगलात आठवडेच्या आठवडे चालूनही वस्ती लागत नाही, तेथील वृक्षतोड मोजावयाची कशी आणि मोजलेला आकडा सर्वांनी मानावा यासाठी काय करावयाचे, या दोन प्रश्नांची उत्तरे ब्राझीलच्या राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्थेने गेल्या अर्धशतकात शोधली. विकसनशील देशांतील ही संस्था पृथ्वी निरीक्षणाच्या आंतरराष्ट्रीय क्षेत्रात आज अग्रेसर मानली जाते.

संस्थेची जडणघडण

या संस्थेचे बीज १९६१ मध्ये रोवले गेले आणि १९७१ मध्ये तिला आजचे स्वरूप प्राप्त झाले. साओ पावलो राज्यातील साओ जोसे दोस काम्पोस या शहरात तिचे मुख्यालय आहे. अमेरिकेने १९७२ मध्ये पहिला लॅण्डसॅट उपग्रह सोडला. त्याच्या प्रतिमा आपल्या भूमीवर थेट ग्रहण करण्यासाठी ब्राझीलने कुयाबा येथे केंद्र उभारले व १९७३ मध्ये ते कार्यान्वित केले. अमेरिका आणि कॅनडा यांच्यानंतर अशी सोय करणारा ब्राझील हा तिसरा देश होय. स्वतःचा उपग्रह नसतानाही प्रतिमा वाचणारी माणसे आधी तयार करावीत, हे धोरण पुढे फलदायी ठरले.

मोजणीची पद्धत

ब्राझीलमधील ज्या प्रदेशास कायद्याने ॲमेझॉन क्षेत्र मानले आहे, त्याचा विस्तार सुमारे ५० लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या सुमारे सोळा पट आहे. १९८८ पासून संस्था या क्षेत्रातील वृक्षतोडीचे वार्षिक मोजमाप करते. हे वर्ष ऑगस्ट ते जुलै असे धरण्यात येते, कारण कोरड्या ऋतूतच ढग विरळ होऊन जमीन स्पष्ट दिसते. तज्ज्ञ प्रतिमांची पाहणी करून ६.२५ हेक्टरांहून मोठा, संपूर्ण तोडला गेलेला मूळ जंगलाचा प्रत्येक तुकडा नकाशावर नोंदवितात. एकदा तोडलेली म्हणून नोंदलेली जमीन पुन्हा मोजली जात नाही. त्यामुळे दुबार गणना टळते आणि निरनिराळ्या वर्षांचे आकडे परस्परांशी ताडून पाहता येतात.

वार्षिक मोजणीने झालेली हानी कळते. परंतु चालू असलेली तोड थांबविता येत नाही. यासाठी २००४ मध्ये त्वरित इशारा देणारी दुसरी यंत्रणा सुरू करण्यात आली. तिचे इशारे पर्यावरण खात्याच्या पथकांना पाठविले जातात व पथके नेमक्या ठिकाणी पोहोचतात. या दोन यंत्रणांची कामे भिन्न आहेत. इशारा कारवाईसाठी असतो, तर वर्षाचा आकडा हिशेबासाठी असतो.

आकड्यांचा परिणाम

२००४ मध्ये एका वर्षात २७,७७२ चौरस किलोमीटर जंगल नष्ट झाले. हे क्षेत्र गोवा राज्याच्या सातपटीहून अधिक भरते. त्यानंतर शासनाने अनेक उपाय योजले. अधिक वृक्षतोड होणाऱ्या नगरपालिका क्षेत्रांची यादी २००८ मध्ये जाहीर करण्यात आली आणि पर्यावरणाचे नियम न पाळणाऱ्यांचे शेतीकर्ज रोखण्यात आले. पारा राज्यातील पारागोमिनास ही त्या यादीतील एक नगरपालिका. तेथील स्थानिक प्रशासन व जमीनमालक यांनी एकत्र येऊन बहुतांश खाजगी जमिनींची पर्यावरणविषयक नोंदणी पूर्ण केली, तोड आटोक्यात आणली आणि २०१० मध्ये यादीतून बाहेर पडण्याचा पहिला मान मिळविला. उपग्रहाने दोष दाखविला, तरी तो दूर केला गावानेच, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे. २०१२ पर्यंत वार्षिक वृक्षतोड ४,५७१ चौरस किलोमीटरपर्यंत उतरली.

कसोटीचा प्रसंग

मात्र आकडा नेहमीच सर्वांना रुचतो असे नाही. २०१९ मध्ये वृक्षतोड वाढत असल्याचे इशाऱ्यांवरून दिसू लागले, तेव्हा तत्कालीन राष्ट्राध्यक्ष जाइर बोल्सोनारो यांनी संस्थेची माहिती खोटी असल्याचा आरोप केला. संचालक रिकार्दो गल्व्हाव यांनी तिचे जाहीर समर्थन केले आणि त्यांना पद गमवावे लागले. परंतु मोजणीची पद्धत लिखित होती, प्रतिमा व नकाशे सर्वांस खुले होते. देशविदेशातील कोणताही अभ्यासक ते पडताळून पाहू शकत होता. त्या वर्षाचा अंतिम आकडा १०,१२९ चौरस किलोमीटर भरला. २०२१ मध्ये तो १३,०३८ वर गेला आणि पुढे पुन्हा उतरून २०२४ मध्ये सुमारे साडेसहा हजारांवर आला. अधिकारी बदलले, सरकारे बदलली, पण मोजपट्टी बदलली नाही. संस्थेची खरी प्रतिष्ठा यातच आहे.

आंतरराष्ट्रीय सहकार्य

१९८८ मध्ये ब्राझीलने चीनशी उपग्रहनिर्मितीचा करार केला. त्यातील पहिला उपग्रह १९९९ मध्ये अवकाशात गेला. २०१३ मधील उड्डाण अयशस्वी झाले. तथापि अवघ्या वर्षभरात पुढील उपग्रह सोडण्यात आला. या उपग्रहांच्या प्रतिमा २००४ पासून संस्थेने विनामूल्य देण्यास प्रारंभ केला. अमेरिकेने लॅण्डसॅटचा संग्रह खुला केला तो त्यानंतर चार वर्षांनी.

भारताशीही या संस्थेचा निकटचा संबंध आहे. आपल्या रिसोर्ससॅट उपग्रहांच्या प्रतिमा तिने वनपाहणीसाठी वापरल्या. ब्राझीलने स्वतः घडविलेला पहिला पृथ्वी निरीक्षण उपग्रह ‘ॲमेझोनिया-१’ हा २८ फेब्रुवारी २०२१ रोजी श्रीहरिकोटा येथून भारतीय अग्निबाणानेच अवकाशात झेपावला.

हवामानाच्या अभ्यासातही संस्थेचा वाटा मोठा आहे. तिच्या शास्त्रज्ञ लुसियाना गाट्टी व सहकाऱ्यांनी २०१० ते २०१८ या काळात विमानांतून चार ठिकाणच्या हवेचे नमुने गोळा केले. ॲमेझॉनचा आग्नेय भाग कार्बन वायू शोषून घेण्याऐवजी बाहेर टाकू लागला आहे, हा त्यांचा २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष साऱ्या जगास चिंतेचा वाटला.

आपल्यासाठी बोध

या कार्यापासून शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्यांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे. मोजणी दरवर्षी एकाच पद्धतीने व्हावी, तिचा तपशील सर्वांसमोर असावा आणि तिच्यावरून तत्काळ कृती व्हावी, या तीन गोष्टी वनाइतक्याच गावतळे, गायरान आणि विहिरींच्या पाणीपातळीसही लागू पडतात. गावतळ्याच्या पाण्याची नोंद ग्रामसभेच्या फलकावर दरवर्षी ठराविक दिवशी लिहिली गेली, तर तिच्यासाठी उपग्रहाचीही आवश्यकता नाही. आवश्यकता आहे ती नोंद खरी ठेवण्याच्या निर्धाराची.