वारा आणि वंगण

सांगली, १ फेब्रुवारी

चि. भाचीबाईंस,


तू पाठवलेलं इंजिनाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग काल तीनदा ऐकलं. तिसऱ्यांदा तुझी मामी आतून म्हणाली, "कुणाचं शिवणयंत्र बिघडलंय?" तिचा कान चांगला आहे. ती टिकटिक टॅपेटची आहे. तिथला मेकॅनिक म्हणतोय म्हणून इंजिन उतरवायला लगेच होकार देऊ नकोस. या गाडीचं इंजिन दोन माणसं अर्ध्या दिवसात खाली उतरवतात, आणि तीच पंचाईत आहे. सोपं आहे म्हणून जो तो उतरवायलाच बघतो.

गाडी तुझ्या हवाली करून मी तुरीन सोडलं, तेव्हा घाईत सांगायचं राहिलं ते आता लिहितो.

माझे हात काळे झाले ते इथल्या प्रीमियरच्या फियाटवर. ती कुर्ल्याला बनायची, पण मूळची फियाट ११००, म्हणजे तुझ्या तुरीनचीच. घाटात तापली की वाफ सोडायची, काटा वर जायचा, अख्ख्या रस्त्याला कळायचं. मग फडक्याने रेडिएटरचं झाकण धरायचं आणि तोंड लांब ठेवून उघडायचं. तुझ्या चिंक्वेचेंतोत, म्हणजे फियाट ५००मध्ये, हा तमाशाच नाही, कारण पाणीच नाही. फियाटच्या दान्ते जाकोझा या इंजिनिअरने १९५७ साली ही गाडी आणली ती स्वस्त आणि हलकी हवी म्हणून. रेडिएटर, पाण्याचा पंप, नळ्या सगळंच गाळलं. लांबी तीन मीटरला तीन सेंटिमीटर कमी, मागे दोन सिलिंडरं, आणि त्यांच्यावर वारा मारणारा एक पंखा. वाऱ्याने न गेलेली उष्णता ऑइल वाहून नेतं.

आता नीट वाच. हा पंखा डायनॅमोच्याच दांड्यावर बसलाय आणि दोघांना मिळून बेल्ट एकच. चार्जिंगचा लाल दिवा लागला म्हणजे बॅटरी भरत नाही, एवढाच अर्थ काढू नकोस. वाराही थांबलेला असू शकतो.

मला हे १९९६च्या ऑगस्टमध्ये कळलं. तुरीनच्या सुपेर्गा टेकडीची चढण चढत होतो, दिवा लागला. मनात म्हटलं, डायनॅमो गेला असेल, बॅटरीवर घरापर्यंत आरामात जाऊ. तापमानाचा काटा या गाडीला नाहीच, वाफेचाही प्रश्न नाही. दोनेक किलोमीटरवर तापलेल्या रंगाचा वास आला, मग गाडी मागून कुणी ओढून धरल्यासारखी जड झाली, आणि थांबली. झाकण उघडलं तर बेल्टच्या चिंध्या. एका पिस्टनने सिलिंडर धरला होता. सिलिंडरं सुटी असतात म्हणून एकावरच निभावलं, तरी त्या महिन्याचा अर्धा पगार गेला. तेव्हा लाल दिवा दिसला की कडेला घे, इंजिन बंद कर. चौकात असशील तरी, मागचे हॉर्न वाजवत असले तरी. एक जादा बेल्ट पुढच्या डिकीत पान्यांबरोबर ठेवलाय. अंगठ्याने दाबला तर साधारण एक सेंटिमीटर दबावा. सैल वाटला तर डायनॅमोच्या पुलीचे तीन नट काढ; पुलीच्या दोन भागांमध्ये वायसर आहेत, त्यातला एक मधून काढून बाहेरच्या बाजूला घाल. फेकू नकोस, नवा बेल्ट टाकताना परत आत लागतो.

वाऱ्याची वाटही बघून घे. मागच्या काचेखालच्या जाळीतून हवा आत येते आणि एका रबरी भात्यातून पंख्यापर्यंत जाते. हा भाता चिरला की पंखा बाहेरची गार हवा सोडून इंजिनाशेजारची तापलेली हवाच परत परत ओढतो. बोट फिरवून बघ, चीर डोळ्यांना दिसत नाही. इंजिनाभोवतीचे पत्रेही सगळे जागेवर हवेत, एखादा स्क्रू नसला तरी वारा तिथून पळतो. तिथली पोरं मागचं झाकण अर्धवट उघडं ठेवून फिरतात, अबार्थच्या शर्यतीच्या गाड्यांसारखं. तुला कुठे शर्यत लावायचीय?

ऑइल मी दर तीन हजार किलोमीटरला बदलायचो. लोक हसायचे. पण या इंजिनाला कागदी फिल्टर नाही. क्रँकच्या टोकाच्या पुलीतच एक पोकळ डबी आहे. ती फिरते तशी घाण कडेला फेकली जाऊन चिकटते. पुढच्या वेळी ती उघडायला लाव आणि शेजारी उभी राहून बघ. तूप कढवल्यावर तळाशी बेरी राहते ना, तसा काळा थर असतो. पुशरॉडच्या नळ्यांच्या रबरांतून थोडं ऑइल पाझरणारच, त्याची धास्ती घेऊ नकोस. पण पुसत राहा. त्या ओलाव्यावर धूळ बसली की सिलिंडरच्या पात्यांवर गोधडी पांघरल्यासारखं होतं.

टॅपेट मात्र तूच कर. इंजिन पूर्ण गार हवं, म्हणजे सकाळी. दोन्ही प्लग काढ, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाक आणि हळूहळू ढकल, इंजिन फिरेल. दोन्ही पिस्टन एकदमच वर येतात, पण एक दाब संपवत असतो तेव्हा दुसरा धूर बाहेर टाकून संपवतो. ज्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर एकाच वेळी हलताना दिसतील त्याला सोड. दुसऱ्याचे दोन्ही टॅपेट मोकळे असतात, ते लाव. मग इंजिन एक पूर्ण फेरा फिरव आणि उरलेले दोन. सगळीकडे फट ०.१५ मिलिमीटर. गच्च भरलेल्या वहीतून पोस्टकार्ड ओढताना लागतो तेवढाच अडथळा फीलर गेजच्या पात्याला लागला पाहिजे. लॉकनट आवळताना स्क्रू त्याच्याबरोबर फिरतो, म्हणून आवळल्यावर परत माप घे. मी पहिल्या वर्षी हे दर वेळी विसरायचो. आवाज घालवायच्या नादात घट्ट करू नकोस. सैल टॅपेट नुसता कान खातो. घट्ट झाला तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. प्लग परत लावताना आधी बोटांनीच फिरव. हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे, पाना लावून आडवा घुसवलास तर आटे मरतात.

गिअर खाली आणताना डबल क्लच. तिथे त्याला दोप्पिएत्ता म्हणतात, आपल्याकडचे जुने ट्रकवाले न शिकवता करायचे. पहिला गिअर फक्त गाडी उभी असताना.

आणि थंडीतली एक गोष्ट. आत येणारी ऊब म्हणजे इंजिनावरून आलेलीच हवा असते. तिला धुराचा वास आला तर हीटरचा दांडा बंद कर, काचा उघड आणि त्याच दिवशी हेड गॅसकेट दाखव. विषारी वायूला स्वतःला वास नसतो, म्हणून धुराच्या वासालाच सूचना समज. रस्त्यावर मीठ टाकलं असेल तर घरी आल्यावर खालून पाण्याचा फवारा मार. जॅक लावायच्या जागा आधी कुजतात.

फीलर गेज निळ्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेलं आहे. ०.१५च्या पात्यावर लाल ठिपका दिलाय, तुझ्या मामीच्या नेलपॉलिशचा. रविवारी टॅपेट लावून झाले की पुन्हा रेकॉर्डिंग पाठव. या वेळी फोन जरा लांब धर.

तुझा,
मामा