पॅराक्वाट : पहिल्या दिवशी बरं वाटलं तरी

जळगाव जिल्ह्यातल्या एका वाचक भगिनींनी विचारलं आहे : ‘आमचे हे कपाशीच्या ओळींमधलं गवत मारायला पॅराक्वाट फवारतात. पाठीवरचा पंप जरा गळतो, सदरा ओला होतो. संध्याकाळी घरी आल्यावर आंघोळ करतात. तेवढं पुरे ना?’

पुरे नाही, ताई. धडधाकट कातडीतून पॅराक्वाट फारसं आत शिरत नाही, हे खरं. पण भिजलेला सदरा तासन्‌तास पाठीला चिकटून राहिला की तिथली कातडी भाजते, सोलते, आणि त्या सोललेल्या जागेतून विष रक्तात उतरतं. अंगावर आधीच घामोळं, खरचटलेलं किंवा खाजवून ओरबाडलेलं असेल, तर आणखी लवकर. एक थेंबही पोटात न जाता, केवळ असं अंगावर गळून माणसं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. तेव्हा गळका पंप पाठीला लावायचाच नाही. वायसर बदलायला फार पैसे लागत नाहीत. अंगावर सांडलं, तर आहे तिथेच कपडे काढून साबणाने भरपूर पाण्यात धुवायचं. संध्याकाळची वाट पाहायची नाही.

हे द्रव्य एवढं घातक का, तेही सांगतो. हिरव्या पानाला लागलं की ते पानातल्या प्रकाशसंश्लेषणाच्या साखळीतून इलेक्ट्रॉन पळवतं आणि ऑक्सिजनच्या हवाली करतं. त्यातून ऑक्सिजनचं जे दाहक रूप तयार होतं, ते पेशींची आवरणं फोडतं. चांगलं ऊन असलं तर काही तासांत गवत मान टाकतं. मातीत पडलं की चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटून निकामी होतं, म्हणून पिकाच्या मुळांना त्रास नाही. शेतकऱ्याला ते आवडतं यात नवल नाही. पण माणसाच्या पेशींतही ते हाच उद्योग करतं. त्यातून फुप्फुसाच्या पेशी हे विष रक्तातून स्वतःहून ओढून साठवतात, आणि ऑक्सिजनची तर तिथे ददात नाही.

म्हणूनच या विषबाधेचा क्रम फसवा आहे. पोटात गेल्यावर उलट्या होतात, तोंड आणि घसा जळतो, एक-दोन दिवसांत जीभ सोलते. पण माणूस शुद्धीवर असतो, नीट बोलतो, चहा मागतो. घरच्यांना वाटतं, निभावलं. मग लघवी कमी होते, डोळे पिवळे दिसू लागतात, आणि पुढच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत फुप्फुसं घट्ट होऊन दम लागतो. त्या टप्प्यावर आम्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरत नाही. पॅराक्वाटवर उतारा नाही. कीटकनाशकाच्या बऱ्याच विषबाधांत अॅट्रोपिनचं इंजेक्शन जीव वाचवतं. इथे त्याचा उपयोग नाही. दवाखान्यात ‘ऑक्सिजन का लावत नाही?’ म्हणून नातेवाईक आमच्यावर धावून येतात. त्यांचा राग समजतो, पण या विषात गरज नसताना दिलेला ऑक्सिजन आगीत तेल ओततो, म्हणून तो शक्य तितका लांबवावा लागतो.

जे काही करता येतं ते पहिल्या काही तासांत. कोळशाची पूड किंवा चक्क मुलतानी माती पाजून पोटातलं विष धरून ठेवतात, काही ठिकाणी रक्त गाळण्याची सोय असते. हे प्रयोग घरी करत बसू नका. मिठाचं पाणी पाजून ओकारी काढू नका. पोळलेला घसा दुसऱ्यांदा पोळतो. १०८ ला फोन करा आणि डबा सोबत आणा. डबा पाहिला की अंदाज बांधण्यात वेळ जात नाही, आणि विष अंगात किती गेलंय याचा कयास लघवीच्या एका साध्या तपासणीतून येतो. डोळ्यात उडालं तर वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टरांना दाखवा. सुरुवातीला नुसती लाली दिसते, जखम दुसऱ्या दिवशी चिघळते.

फवारणीपेक्षाही धोक्याची वेळ म्हणजे औषध पाण्यात कालवण्याची, कारण तेव्हा हाताशी असतं ते घट्ट द्रावण. रबरी हातमोजे, गॉगल, गमबूट त्या वेळी हवेतच. वाऱ्याच्या उलट तोंड करून फवारू नका. हात न धुता तंबाखू मळू नका. आणि नोझल चोंदलं की तोंडाने फुंकायची जी सवय आपल्याकडे आहे, ती आजपासून बंद. जुना टूथब्रश खिशात ठेवा.

राहिली गोष्ट साठवणीची. सुटं औषध पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीही आणू नका. अंधारात तहान लागलेल्या माणसाला किंवा लहान मुलाला त्यातला फरक कळत नाही. एक घोटही जिवावर बेततो.

स्वित्झर्लंडने हे तणनाशक १९८९ मध्येच बंद केलं, युरोपीय संघात २००७ पासून ते वापरता येत नाही, आपल्याकडे केरळने २०११ मध्ये त्यावर बंदी घातली. महाराष्ट्रानेही तसंच करावं असं माझं स्पष्ट मत आहे. खुरपणीला मजूर मिळत नाहीत, ही अडचण मला ठाऊक आहे. पण उतारा नसलेलं विष घरोघरच्या कोनाड्यात असणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

तोवर डबा घरात नको. शेतावरच्या खोलीत पेटीत ठेवा, कुलूप लावा, किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे द्या. रागाच्या किंवा निराशेच्या एका क्षणात हाताशी डबा नसला तर तो क्षण टळतो. घरात कुणी गप्प-गप्प झालं असेल, जगण्यात राम नाही असं बोलत असेल, तर त्याला एकटं सोडू नका. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.