नाताळचे ताट आणि आपले आरोग्य



नाताळ हा एका दिवसाचा सण नाही. २५ डिसेंबरपासून प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत नाताळकाळ चालतो. या दिवसांत घरोघरी करंज्या, कलकल, दोदोल, केक आणि मटणाचे जेवण असते. एका घरच्या ताटाने फारसे बिघडत नाही. पाच घरच्या ताटांनी बिघडते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अभ्यासानुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. तेव्हा पुढील गोष्टी ध्यानात ठेवू या.

१) उपाशी राहून मेजवानीला जाऊ नये. भुकेलेला माणूस भराभर आणि जास्त खातो. मधुमेहासाठी गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर जेवण चुकवूच नये. साखर एकाएकी उतरू शकते. ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी एक तासाचा उपवास असतो. पण पाणी व औषध यांनी तो मोडत नाही. वृद्ध आणि आजारी यांना तर ख्रिस्तसभेने या नियमातून सूट दिली आहे. रात्रीच्या मिस्सेला येताना त्यांनी मनात शंका आणू नये.

२) अर्धे ताट भाजी आणि कोशिंबिरीचे असावे. उरलेल्या अर्ध्यात भात किंवा भाकरी आणि मटण घ्यावे. एक ग्रॅम तेला-तुपात ९ कॅलरी असतात, तर साखरेत किंवा पिठात ४. म्हणून तळलेली करंजी दिसायला लहान, पण पचायला भारी! पोट भरल्याची जाणीव व्हायला सुमारे २० मिनिटे लागतात. दुसऱ्यांदा वाढून घेण्यापूर्वी थोडे थांबावे.

३) जेवल्यावर लगेच आडवे होऊ नये. दहा-पंधरा मिनिटे चालावे. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात. गावातले गोठे पाहायला सहकुटुंब पायीच निघावे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

४) आग्रह आवरावा. “सणाचे आहे, नाही म्हणू नका,” असे आपण प्रेमाने म्हणतो. पाहुणा संकोचाने खातो आणि त्रास त्याच्या घरी जाऊन भोगतो. त्याने “पुरे” म्हटले की यजमानाने मानावे. फराळाच्या ताटात पेरू, चिकू, केळी ठेवावीत आणि मधुमेही पाहुण्याला त्यातले थोडेच द्यावे.

पाहुणा आपल्या घरून समाधानाने आणि सुखरूप परतला, तर आपला पाहुणचार पूर्ण झाला.